सिलिकॉन स्प्रे: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे सरकणारी, फिरणारी प्रत्येक वस्तू इथे लवकर धरते. गेल्या मे महिन्यात सिलिकॉन स्प्रेचा, म्हणजे फवारायच्या सिलिकॉन तेलाचा डबा आणला आणि तेव्हापासून घरात, गाडीला सतत वापरते आहे. आधीच सांगते, ही वस्तू रबर आणि प्लास्टिकसाठी. लोखंडावर लोखंड जोरात घासतं तिथे हिच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो गाडीच्या काचेला. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर येताना अडखळायची, शेवटची चार बोटं हाताने ओढून घ्यावी लागायची. गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं, "ताई, मोटर बदलावी लागेल." पण काच ज्या रबरी खाचेतून सरकते ते रबर सुकलं की काचेला धरून ठेवतं आणि चांगल्या मोटरलाही ती रेटत न्यावी लागते. म्हणून आधी खाच साफ करायचं ठरवलं. काच पूर्ण खाली घेतली, जुन्या प्लास्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळलं आणि खाचेत वरून खाली फिरवलं. फडक्यावर काळा चिखल आणि चक्क बारीक वाळू आली. ही रेव तशीच ठेवून वर स्प्रे मारला तर काचेला ओरखडे पडणारच. खाच वाळल्यावर डब्यासोबत आलेली बारीक नळी लावून दोन्ही बाजूंना हलका फवारा दिला आणि काच चार-पाच वेळा वरखाली केली. काचेवर तेलकट पट्टे उठतात, ते लगेच पुसून टाकायचे. काच त्याच संध्याकाळी सुरळीत चालायला लागली. मोटर अजून तीच आहे.

गाडीच्या दारांच्या रबरी बीडिंगला मात्र थेट फवारत नाही. फडक्यावर स्प्रे घेऊन पुसते. उन्हात तापून बीडिंग दाराला चिकटायचं, ते थांबलं. साधं इंजिन ऑइल किंवा ग्रीस रबराला लावलं तर बरीचशी रबरं फुगतात, मऊ पडतात. सिलिकॉन तेलाने तसं होत नाही. त्याच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून ते उन्हाने खराब होत नाही आणि पाण्यालाही दूर ठेवतं. अपवाद एकच, वस्तू स्वतः सिलिकॉन रबराची असेल तर ती या तेलाने फुगते.

घरात सरकत्या खिडक्यांचे ट्रॅक, ड्रॉवरचे चॅनेल, रेनकोटच्या चेन, सगळीकडे उपयोग झाला. आमच्याकडे पूर्वी अशा ठिकाणी खोबरेल तेल घालायचे. पण ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून त्याचा चिकट थर होतो. सिलिकॉन स्प्रेमधला द्रावक (तेल ज्यात विरघळवलेलं असतं ते द्रव) उडून गेला की मागे पातळ थर उरतो, त्यावर धूळ कमी बसते. अर्थात ट्रॅक आधी ब्रशने झाडायला हवाच.

पाण्याच्या फिल्टरच्या ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल रबरी कडीला मात्र हा स्प्रे नको. तिथे खाद्यवापरासाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं, तेच नखभर लावावं. पावसात फुगलेल्या लाकडी दारालाही याचा उपयोग नाही, त्याला सुताराचा रंधाच लागतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग किंवा पॉलिश नीट धरत नाही, त्यावर खड्डे पडतात. घराला किंवा गाडीला नवा रंग द्यायचा असेल तर त्या दिवसांत हा डबा आसपासही नको. जुन्या लाकडी ड्रॉवरला मी अजूनही मेणबत्तीच घासते.

दुचाकीच्या चेनला हा स्प्रे पुरत नाही, तिला चेनचंच तेल हवं. ब्रेकची डिस्क, ब्रेक पॅड, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, पेडल, सीट यांच्यावर याचा एक थेंबही जाऊ देऊ नका, हे कळकळीने सांगते. फरशीवर उडालेला थर दिसत नाही, पण पाय हमखास घसरतो. घरात वयस्कर माणसं असतील तर खाली वर्तमानपत्र अंथरूनच फवारा. ठिणगी पडणाऱ्या विजेच्या बटणांच्या आतही नको, तिथे सिलिकॉनची वाळूसारखी पुटं बसून संपर्क बिघडतो. डब्यातला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवापाशी दिवा चालू असताना वापरू नये.

तक्रार एवढीच की हे काम एकदा करून संपत नाही. भर पावसात समुद्राकडच्या खिडक्यांना पुन्हा पुन्हा हात लावावा लागला. गाडीची काच मात्र एकदा केल्यावर हिवाळाभर छान चालली.

घेताना डब्यावर 'सिलिकॉन' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. दुकानात शेजारीच मिळणारा नेहमीचा निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० वेगळ्या कामाचा. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तो तयार झाला तोच मुळी ओल हटवून गंज रोखण्यासाठी. गंजलेला बोल्ट सोडवायला तो उत्तम, पण रबरासाठी त्याच कंपनीचा सिलिकॉनचा डबा वेगळा येतो.