हब घ्यावा का? दिवे मोजू नका, सेल मोजा

बडोद्यात मांजलपूरला किंवा वासणा रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि गीझर, एसी, हॉलमधले दिवे मोबाइलवरून चालावेत एवढीच हौस आहे, तर हब, म्हणजे स्मार्ट उपकरणं आणि राउटर यांच्यामधली पेटी, घेऊ नका. इथेच वाचणं थांबवलंत तरी अडीच-तीन हजार वाचले. पण दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचा जुना तीन मजली वाडा असेल, घरात वयस्कर माणसं असतील, जिन्यात पाऊल पडताच दिवा लागावा, मागचं दार उघडं राहिलं तर कळावं असं काही डोक्यात असेल, तर मात्र हबशिवाय भागणं कठीण. या दोन घरांत दिवे किती कमी-जास्त आहेत, याला महत्त्व नाही. सेलवर चालणारी उपकरणं किती लागणार, ते मोजायचं.

वाय-फायचा बल्ब किंवा प्लग थेट राउटरशी बोलतो. झिगबी ही कमी विजेवर चालणारी वेगळी बिनतारी पद्धत. तिच्या उपकरणाला ते जमत नाही, कारण राउटरमध्ये झिगबीचा रेडिओच नसतो. तो रेडिओ हबमध्ये असतो. हब राउटरला जोडला की त्याच्या हाताखालची सगळी उपकरणं अ‍ॅपमध्ये दिसतात. दुकानात यालाच गेटवे म्हणतात. साध्या झिगबी गेटवेला दीड ते साडेतीन हजार रुपये पडतात.

या पैशांचं काय मिळतं ते जिन्यात दिसतं. वाड्यांचे जिने अरुंद, उभे आणि भर दुपारीही अंधारे असतात. पायथ्याशी वाय-फायचा हालचाल-सेन्सर लावला तर माणूस आल्यावर तो आधी झोपेतून उठतो, राउटर शोधतो, पासवर्ड पटवतो, पत्ता मागून घेतो, मग कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. तिथून हुकूम परत येतो आणि वरचा दिवा लागतो. यात दोन ते पाच सेकंद जातात. सेकंदाला एक पायरी धरली तर दुसऱ्या ते पाचव्या पायरीला उजेड पडतो, म्हणजे ठेच लागायची ती लागून गेलेली असते. झिगबी सेन्सर जागा झाला की छोटासा निरोप टाकतो आणि परत झोपतो. सेन्सर आणि दिव्याचा स्विच दोन्ही एकाच हबवर असले आणि नियम हबमध्येच साठवलेला असला, तर पहिल्या पायरीवर दुसरा पाय टेकायच्या आत उजेड होतो. इंटरनेट बंद असलं तरीही.

सेलचंही तसंच. झिगबीच्या दार-सेन्सरमध्ये सीआर२०३२ हा बटण-सेल साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो. वाय-फायच्या सेन्सरमधले दोन बारीक पेन्सिल सेल, दार किती उघडतं त्यावर, तीन ते सहा महिन्यांत संपतात. सात सेन्सर असतील आणि सेल चार महिने टिकले तर वर्षाला बेचाळीस सेल झाले. पैशांपेक्षा स्टुलावर चढायचा कंटाळा मोठा. तिसऱ्या खेपेला घरातलं कुणी सेल बदलत नाही आणि सेन्सर भिंतीवर नुसता शोभेला उरतो.

आता भिंती. वीट-चुन्याची दीड-दोन फुटी भिंत दोनदा ओलांडायची म्हटलं की राउटरचा जीव जातो. झिगबीत विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण पुढच्याचा निरोप पोचवतं, त्यामुळे तळमजल्याचा प्लग, पहिल्या मजल्याचा स्विच असं करत निरोप गच्चीच्या दारापर्यंत जातो. पण इथेच बहुतेक घरांचं गणित फसतं. लोक झिगबीचे बल्ब घेतात. आई रात्री सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते, बल्ब मेला, त्याच्या भरवशावर असलेले वरचे दोन सेन्सरही गेले. मग दोष हबला. आईची सवय बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. बल्ब साधेच राहू द्या. बटणामागे बोर्डात बसणारं झिगबी मॉड्यूल घ्या. बटण दाबलं काय, मोबाइलवरून चालवलं काय, मॉड्यूलला वीज कायम राहते आणि साखळी तुटत नाही. वाय-फायवरच राहायचं असेल तरी हाच सल्ला: बल्ब नको, मॉड्यूल.

मॉड्यूल बसवताना इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी आधी विचारा. बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का? ज्या बोर्डात प्लगचं सॉकेट आहे तिथे तो असतोच. जिन्याच्या टू-वे स्विचपाशी बहुधा नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडी वीज ओढतात, त्यामुळे लहान एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. तो दोष दिव्याला समांतर लावायच्या छोट्या कपॅसिटरने जातो. शिवाय अशी मॉड्यूल बहुधा दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत, म्हणजे साखळीला उपयोग शून्य. दुसरं, शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल ओढू देऊ नका. आरसीसीबीला (विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचला) गेलेली आणि आलेली वीज जुळत नाही आणि ती पडत राहते. तिसरं, भिंतीत लोखंडी बॉक्स असेल तर सिग्नल फक्त पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीतूनच बाहेर पडतो. मॉड्यूलची अँटेनाची तार मागे गुंडाळून न ठेवता पट्टीकडे मोकळी ठेवायची. नवं काम असेल तर पीव्हीसीचाच बॉक्स आणि तोही खोल घ्या.

पंख्याला दिव्याचं डिमर मॉड्यूल चालत नाही, पंख्यासाठी वेगळं येतं. बीएलडीसी पंखा असेल तर त्याच्या रिमोटची नक्कल करणारा इन्फ्रारेड ब्लास्टर पुरतो, एसीलाही तोच. ब्लास्टर वाय-फायचा घ्या, तिथे हबने काही वाढत नाही. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो, तेव्हा प्लग सोळा अँपिअरचाच हवा. दहाचा प्लग 'चालतो की' म्हणून लावला तर काही महिन्यांत पिवळा पडून मऊ होतो.

पाण्याच्या मोटरीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण खालच्या टाकीतून गच्चीच्या टाकीत पाणी चढवायचं काम घरोघरी आहे आणि 'स्मार्ट' करायची पहिली इच्छा तिथेच होते. एक अश्वशक्तीची मोटर चालू असताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. प्लगमधल्या रिलेचे (आतल्या छोट्या विद्युत-स्विचचे) संपर्क त्या झटक्याने एक दिवस चिकटतात. अ‍ॅपमध्ये 'बंद' दिसतं, मोटर चालूच, आणि टाकी उतू जाऊन पाणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर. प्लग वाय-फायचा असो की झिगबीचा, मोटर थेट त्यावर लावायची नाही. मध्ये पंचवीस अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा काँटॅक्टर (जड भार पेलणारा मोठा रिले) घ्या. मोटरीचा भार काँटॅक्टर उचलतो, स्मार्ट रिले फक्त त्याची कॉइल चालवतो. टाकीतला साधा फ्लोट स्विच त्याच कॉइलच्या मालिकेत ठेवा, म्हणजे अ‍ॅप, हब, इंटरनेट सगळं झोपलं तरी टाकी भरल्यावर मोटर थांबेल.

दोन घरांचा हिशेब मांडू. भाव ढोबळ आहेत, सणासुदीच्या सेलमध्ये खाली येतात. फ्लॅटमध्ये चार बोर्डांना वाय-फाय मॉड्यूल, प्रत्येकी दोन हजार धरून आठ हजार; गीझरचा प्लग बाराशे; ब्लास्टर हजार. दहा हजार दोनशे. हेच झिगबीवर केलं तर गेटवेचे अडीच हजार वर, आणि हाताला काही लागत नाही. राउटर मात्र तपासा. कनेक्शनसोबत फुकट आलेला राउटर पंचवीस-तीस उपकरणांनंतर बहुधा दमतो, आणि त्यात घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉपही मोजायचे. संख्या तिकडे जात असेल तर तेच अडीच हजार चांगल्या राउटरला द्या.

वाड्यात पाच बोर्डांची मॉड्यूल अकरा हजार, सात सेन्सर प्रत्येकी बाराशे म्हणजे आठ हजार चारशे, गेटवे अडीच हजार. एकवीस हजार नऊशे. वाय-फायचे सेन्सर थोडे स्वस्त मिळतात, म्हणून तोच संच हबशिवाय अठरा हजारांत बसतो. हबमुळे बॅटरी-सेलच्या खर्चात वर्षाला पाच-सहाशे वाचतात. हब दोन वॉट खातो, वर्षाला साडेसतरा युनिट, युनिटला आठ रुपये धरले तर एकशे चाळीस. निव्वळ पैशात हब वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील, म्हणजे होतच नाही म्हणा. तो घ्यायचा तो जिन्यातल्या त्या दोन-चार पायऱ्यांसाठी.

मधला मार्ग स्पीकरचा. अ‍ॅमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या मोठ्या गोल इकोमध्ये झिगबी रेडिओ आहे, साध्या इको डॉटमध्ये नाही, आणि दुकानदार हा फरक सांगतोच असं नाही. अ‍ॅपलच्या होमपॉड मिनीत आणि गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये थ्रेड ही झिगबीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत आहे, झिगबी नाही. स्पीकर आधीच घरात असेल तर चार-पाच सेन्सरांसाठी वेगळा गेटवे घेण्याआधी त्यात कोणता रेडिओ आहे ते बघा. निव्वळ हब म्हणून स्पीकर घेणं महागात पडतं.

'आता मॅटर आलं, हबची गरज संपली' हे वाक्य काउंटरवर ऐकू येतं. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी ठरवलेली एकच भाषा; तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. त्यामुळे एका कंपनीचा प्लग दुसरीच्या अ‍ॅपमध्ये घेता येतो, हे खरं. पण मॅटरचं सेलवरचं उपकरण बहुधा थ्रेडवर चालतं आणि थ्रेडला बॉर्डर राउटर लागतोच, म्हणजे नाव बदलून हबच. घरातली जुनी झिगबी उपकरणं आपोआप मॅटरची होत नाहीत. हब मध्ये राहून ती पुढे दाखवू शकतो, तेही त्याच्या कंपनीने सोय दिली असेल तर.

अमेरिकेहून भाच्याने बॅगेतून आणलेलं सामान हा बडोद्यातला खास विषय. झेड-वेव्ह ही आणखी एक बिनतारी पद्धत; ती तिथे ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालते, भारतात ८६५.२ वर. इथल्या हबशी तिकडचं उपकरण बोलणार नाही. झिगबी जगभर २.४ गिगाहर्ट्झच, तेव्हा सेन्सर चालतील. पण तिकडचे स्विच आणि बल्ब १२० व्होल्टचे असतात, ते इथल्या बोर्डात लावू नका.

हब घ्यायचं ठरलं असेल तर जोडणीचा क्रम महत्त्वाचा. आधी विजेवरची उपकरणं, हबच्या जवळून लांब जात. ती जागेवर बसल्यावर सेन्सर, आणि तेही जिथे कायमचे लागणार तिथे उभं राहून जोडायचे. टेबलावर सगळे एकदम जोडले तर सेन्सर हबलाच धरून बसतात आणि गच्चीत गेले की हरवतात. हब राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, मीटर-दीड मीटर अंतर राहू द्या. लोखंडी कपाटात तर नकोच. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो' वरून काढून १ वर आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. हब चॅनल निवडू देत असेल तर झिगबी २० किंवा २५ वर टाका, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. हे पहिल्याच दिवशी करायचं, कारण नंतर बदललं की बरीच उपकरणं परत जोडावी लागतात.

हबचं स्वतःचंही दुखणं आहे. तो बिघडला आणि बॅकअप नसला तर सगळी उपकरणं एकेक करून पुन्हा जोडणं आलं. आणि कंपनीच गेली तर? रिव्हॉल्व्हचा हब मे २०१६ मध्ये बंद केला गेला, इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये एकाएकी गप्प झाले. म्हणून विकत घेण्याआधी एक परीक्षा: दुकानात किंवा ओळखीच्या घरी राउटरची इंटरनेटची तार काढा आणि सेन्सरसमोर हात हलवा. दिवा लागला तर हब घ्यावा.

याहून पुढे जायची तयारी असेल तर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, घरातल्याच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या मिनी पीसीवर चालतं, बॅकअप आपल्या हातात राहतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांची झिगबी उपकरणं एकत्र नांदतात. मेमरी कार्डवर चालवू नका. सतत लिहिण्याने आणि वीज जाण्याने कार्ड खराब होतं, एसएसडी घ्या. झिगबीचा डोंगल (यूएसबीत खोचायचा रेडिओ) मागच्या यूएसबी ३ च्या खाचेत थेट खोचला तर तिथला गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि सेन्सर गळतात. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा. महिन्याला एक-दोन तास त्याच्यापाशी बसायची आवड नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा कित्येक भागांत वीज गेली होती. सखल भागात घर असेल तर हब आणि मोडेम तळमजल्यावर ठेवू नका. दोन्ही पहिल्या मजल्यावर, इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. जिन्याचा दिवा आणि त्याचं मॉड्यूलही त्याच लाइनवर हवं. हब जागा, सेन्सर जागा आणि दिव्यालाच वीज नाही, अशी घरं बरीच सापडतात.