जुन्या कारंज्यांची दुरुस्ती: दगड-बिडात तरबेज, पाण्यात कच्चे

बडोद्यात जुनी कारंजी दुरुस्त करून पुढे वर्षभर सांभाळायचं कंत्राट घेणाऱ्या एका छोट्या तुकडीच्या कामाचा हा अभिप्राय. दोन गवंडी, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम जाणणारा एक फिटर आणि एक वायरमन, एवढीच माणसं. काम जुन्या शहरातल्या एका चौकातलं: ६ मीटर व्यासाचा दगडी हौद, ४५ सेंटिमीटर पाणी, मधोमध बिडाचा खांब आणि त्यावर दोन थाळ्या. हौदात साधारण १२,७०० लिटर पाणी मावतं. दुरुस्तीनंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. कारंज्याचं काम कसं झालंय ते त्याआधी कळत नाही.

आधी दगडकाम, कारण त्यात ही मंडळी खरोखर चांगली आहेत. हौदाच्या दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमध्ये, मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत सिमेंट भरलेलं होतं. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. मग ओल दगडातून वाट काढते, पृष्ठभागाखाली क्षार साठतात आणि दरजेच्या दोन्ही बाजूंनी दगडाचे पोपडे सुटतात. यांनी ग्राइंडर अजिबात न लावता अरुंद छिन्नीने सिमेंट काढलं. वेळ तिप्पट लागला, पण एकही कड उडाली नाही. दरज रुंदीच्या दुप्पट, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर खोल रिकामी केली आणि धुऊन, ओली करून भरली. मसाला मुरवलेल्या चुन्याचा, त्यात चुन्याइतकीच सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि दुप्पट धुतलेली वाळू. सुरखी इथे रंगासाठी नसते. नुसता चुना हवेवर कडक होतो, पाण्याखाली नाही. चांगल्या भाजलेल्या विटेची सुरखी चुन्याशी संयोग पावते, म्हणून मसाला ओलातही धरतो. त्यावर २१ दिवस ओली तागाची पोती. काम एप्रिलमध्ये होतं, पोती दिवसातून चारदा भिजवावी लागत होती, आणि ती भिजवली गेली.

हौद धुताना नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी, बस. ॲसिड कुठेही नाही. बाजारात ‘दगड चकचकीत करून देतो’ म्हणणारे बहुतेक जण पातळ ॲसिड मारतात. संगमरवर आणि चुना दोन्ही त्यात विरघळतात. झळाळी महिनाभर टिकते आणि नंतर खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर शेवाळं आणखी घट्ट बसतं. कुणी दरपत्रकात ‘ॲसिड वॉश’ लिहिलं असेल तर ते दरपत्रक परत द्यावं.

बिडाचं काम त्याहून सरस. जुनं बीड पुष्कळ वर्षं पाण्यात राहिलं की त्यातलं लोखंड निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा उरतो. वरून भांडं अखंड दिसतं, पण चाकूचं टोक लावलं तर शिसपेन्सिलीसारखं कोरलं जातं. फिटरने खालच्या थाळीचा काठ इंचाइंचाने असा तपासला, खडूने खुणा केल्या आणि तेवढेच तुकडे नव्याने ओतून घेतले. जुना रंग कोरडा घासला नाही. तळाच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरून ओला ठेवून खरवडला आणि खरवड गोळा करून नेली. नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत. स्टेनलेस थेट बिडाला टेकलं तर ओल्या जागी बीड लवकर गंजतं, म्हणून प्रत्येक बोल्टला नायलॉनची नळी आणि नायलॉनचा वायसर आहे.

वरची थाळी बसवताना पाणसळीला दिलेला वेळ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. थाळीचा व्यास ८० सेंटिमीटर, काठाचा घेर अडीच मीटर. त्यावरून मिनिटाला ३५-४० लिटर पाणी पडतं तेव्हा काठावर पाण्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर असते. थाळी एका बाजूला तेवढीच कलली की अर्ध्या काठावरून पाणी पडायचं थांबतं, आणि त्या अर्ध्यावर पांढरे क्षार साचत जातात. यांनी बैठकीखाली शिशाच्या पत्र्याच्या चकत्या सरकवत, दर वेळी पाणी सोडून पाहत, पूर्ण घेरावर सारखा पडदा आणला. त्यात दुपार गेली. खालून पाहिलं तर तो पडदा आजही कुठे तुटलेला नाही.

गळतीची कसोटी काम घेण्याआधी आणि काम झाल्यावर, दोन्हीदा घ्यावी. पाण्याने भरलेली बादली हौदातल्या पायरीवर ठेवायची, बादलीतल्या आणि हौदातल्या पातळीवर खूण करायची, पंप २४ तास बंद. बादलीत जेवढं उतरलं ते उन्हाने गेलं, हौदात त्याहून जास्त उतरलं ती गळती. आमच्याकडे मे महिन्यात उन्हानेच रोज ८-१० मिलिमीटर पाणी जातं, त्यामुळे बादली न ठेवता मापलं तर चांगल्या हौदालाही गळका ठरवाल. या हौदात १ मिलिमीटर म्हणजे २८ लिटर. कामाआधी बादलीपेक्षा ११ मिलिमीटर जास्त उतरत होतं, आता १ ते २. जुन्या दगडी हौदाला एवढं चालतं.

आता तक्रारी.

पंप त्यांनी २ हॉर्सपॉवरचा बसवला. १० मिलिमीटरच्या तोटीतून ३ मीटर उंच धार काढायला मिनिटाला ३५-४० लिटर पाणी लागतं. नळातला तोटा धरूनही ८ मीटर हेडचा, म्हणजे पाणी ८ मीटर उंच ढकलणारा, अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. मोठ्या पंपाने धार साडेचार मीटरवर गेली आणि वारा सुटला की पाणी रस्त्यावर. धारेची उंची हौदाच्या त्रिज्येपेक्षा जास्त नको, हा सरळ हिशेब आहे, आणि इथे त्रिज्या ३ मीटर. त्यांनी व्हॉल्व्ह आवळून धार खाली आणली. पण त्याने विजेचं बिल फारसं कमी होत नाही आणि व्हॉल्व्ह मात्र झिजतो. पंप बदलूनच मागावा.

विजेचं बाकी काम नीट आहे: पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ३० मिलिअँपियरला तुटणारा ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), पाणी संपलं तर पंप आपोआप बंद. पण पॅनेल जमिनीपासून अर्ध्या मीटरवर लावलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते पाहिलेल्या शहरात हे चालणार नाही. सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता दीड मीटरवर नेलं.

खरा कच्चेपणा पाण्याच्या देखभालीत आहे. जुनी कारंजी बहुधा उंचावरच्या टाकीच्या किंवा नळाच्या दाबावर चालत आणि पाणी एकदा उडालं की वाहून जाई. आजवा तलावाचं पाणी १८९२ च्या सुमारास उताराने शहरात आलं, तेव्हाची ही रीत. आता तेच पाणी पंपाने फिरत राहतं. उन्हाने आणि वाऱ्याने या हौदातून रोज ४०० लिटरच्या आसपास पाणी जातं आणि आपण तेवढंच वरून भरतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. १२,७०० भागिले ४००, म्हणजे साधारण ३२ दिवसांत क्षार दुप्पट. बोअरचं जड पाणी भरत असाल तर तोट्या त्याआधीच बुजायला लागतात. या तुकडीची फेरी महिन्यातून एकदा आहे, आणि तेव्हाही ते गाळ काढून पाणी तसंच ठेवतात. दर तीन आठवड्यांनी हौद पूर्ण रिकामा करून झाडांना पाणी द्यायचं, हे कंत्राटात लिहून घ्या. मात्र रिकामा करायच्या आधी चार दिवस क्लोरीन घालू नका.

क्लोरीनचा हिशेबही त्यांनी चुकवला होता. अंदाजाने मूठभर ब्लीचिंग पावडर थेट हौदात टाकायचे, तळाशी पांढरा थर बसायचा. एवढ्या पाण्याला १ मिलिग्रॅम प्रति लिटरसाठी ताजी पावडर ४० ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून तास-दीड तास ठेवायची, वरचं निवळ पाणी संध्याकाळी हौदात सोडायचं, खालचा चुना फेकून द्यायचा. उन्हात टाकली तर क्लोरीन काही तासांत उडून जातो. शेवाळ्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरू नका: दगडावर निळसर डाग पडतात आणि बिडाला गंज चढतो. पितळी तोट्या महिन्यातून एकदा काढून ५ टक्के लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवायच्या आणि दाताच्या ब्रशने घासायच्या. तार घालून भोक मोकळं करू नये, धार वाकडी होते. पितळावर तांबूस ठिपके दिसले तर त्यातलं जस्त निघून चाललंय, तिथे गनमेटलची तोटी बसवा.

डासांचं पाहायला मात्र त्यांची फेरी हवीच कशाला? पंप सलग आठवडाभर बंद राहणार असेल तर हौद कोरडा करायचा, एवढं चौकातल्या कुणीही करावं. डेंग्यूचा डास बहुधा स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात अंडी घालतो. गप्पी मासे सोडायचे असतील तर क्लोरीन बंद. कबुतरांना ज्वारी टाकण्याची जागा कारंज्यापासून दूर हलवा, कारण विष्ठेतल्या फॉस्फरसवर शेवाळं जोमाने वाढतं.

एकूण आमचं मत असं की दगड आणि बीड यांच्या हाती निर्धास्त द्यावं, पंपाचं माप स्वतः काढावं, आणि पाण्याची आठवड्याची कामं बागेच्या माळ्याकडे किंवा चौकातल्या मंडळाकडे ठेवावीत. पैशांतले १० टक्के पहिला पावसाळा संपून बादलीची कसोटी पुन्हा होईपर्यंत राखून ठेवा. ही अट त्यांनी लगेच मान्य केली होती.

वार्षिक कंत्राटात एक फेरी १६ जानेवारीच्या सुमारास मागून घ्या. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, मांजा हौदात पडतो, पाण्यात दिसत नाही आणि पंपाच्या दांड्याभोवती गुंडाळून सील कापतो. उत्तरायणाचे दोन्ही दिवस पंप बंद ठेवावा. मग हौद उपसून, जाड हातमोजे घालून मांजा हाताने वेचावा, गाळणी आणि वरच्या थाळीची मोरी उघडून पाहावी, आणि मगच बटण दाबावं.