नीटच्या ‘इंटिग्रेटेड’ कोर्सचा आमचा अनुभव, पाचात अडीच

थोरलीला 2023 ला दहावीनंतर म्हापशातल्या एका इंटिग्रेटेडला घातली होती. म्हणजे अकरावी-बारावी आणि नीटची (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची) कोचिंग एकाच जागी, हायर सेकंडरी वेगळी क्लास वेगळा अशी धावपळ नाही, असं त्यांनी सांगितलेलं. नाव घेत नाही, भांडायचं नाहीये. धाकटा यंदा दहावी झालाय आणि वाड्यावरच्या चार जणी रोज विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी चांगलं ते सांगते. रविवारची टेस्ट. पाऊस असो की शिगमो, दर रविवारी ओएमआर शीट (गोळे काळे करायची उत्तरपत्रिका), काळं बॉलपेन आणि घड्याळ लावून तीन तास. पहिल्या टेस्टला बाय रडत घरी आली, मध्ये एक प्रश्न सोडला आणि त्याचा गोळा रिकामा ठेवायला विसरली, पुढचे सतरा गोळे एकेक घर वर सरकले, सगळे चूक. बरोबरला चार मिळतात आणि चुकलं तर एक कापतात, हे आम्हा दोघांना त्या दिवशी खरं कळलं. परत ती चूक तिने कधी केली नाही, आणि ही सवय घरी बसून लागली नसती हे मान्य. बायोलॉजीचे सर पण फार चांगले. एनसीईआरटीचं पुस्तक मिटायला लावून ‘आता नेफ्रॉन काढ’ म्हणायचे, तिच्या पुस्तकाचा कणा मी तीनदा फेव्हिकॉलने चिकटवला. 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे, त्यामुळे तिथे पैसे वसूल झाले.

आता फिजिक्स. दोन वर्षांत तीन सर! दुसरे गेले ते चवथीच्या सुट्टीत, पोरं परत आली तर नवे सर आणि रोटेशनचा धडा परत पहिल्यापासून, आणि ऑप्टिक्स शेवटी घाईघाईत दोन दिवसांत उरकलं. त्यात 2025 ला पेपरचा पॅटर्न बदलला, आधी सेक्शन बी मध्ये 15 तले कुठलेही 10 सोडवायचे असत ते गेलं आणि सरळ 180 प्रश्न 180 मिनिटांत, जानेवारीत जाहीर होऊनसुद्धा यांचे टेस्टपेपर मार्चपर्यंत जुनेच. विचारायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते मॅडम प्रिंट आधीच काढून ठेवलंय. 4 मे ला फिजिक्सने सगळ्या देशातल्या पोरांना घाम फोडला ते सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या पोरीला वेळ पुरला नाही त्यात या जुन्या पेपरांचापण वाटा आहे असं मला वाटतं.

प्रॅक्टिकल तर विचारूच नका. वर्षभर लॅबचं तोंड बघितलं नाही, डिसेंबरात आठ दिवसांत सगळं. ब्राउन रिंग टेस्ट सात जणांत एक टेस्टट्यूब, रिंग आली तेव्हा ही मागे उभी, जर्नलमध्ये मात्र ‘रिंग दिसली’ लिहिलंय. बारावीचे मार्क नीटच्या मेरिटला धरत नाहीत हे खरं, पण फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून जनरलला 50 टक्के लागतातच, तेव्हा बोर्ड अगदीच वाऱ्यावर सोडून कसं चालेल.

आणि डिचोलीहून म्हापसा. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत, जेवून पुस्तक उघडलं की डोकं पुस्तकावरच. फी लाखाच्या वर, मधेच सोडलं तर परत काही नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. प्रत्येक पालक मीटिंगला ऑल इंडिया रँकचा तक्ता दाखवून आमचा जीव घाबरा करायचे. अहो, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला (जीएमसी) 15 टक्के जागा ऑल इंडियाच्या, बाकीच्या 85 टक्के राज्याच्या कोट्यातल्या, म्हणजे गोव्याच्या मेरिट लिस्टवर पोर कितवं येतंय ते बघायचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, मी पर्वरीच्या डीटीईचा (तंत्रशिक्षण संचालनालयाचा) प्रॉस्पेक्टस स्वतः वाचला तेव्हा कळलं. क्लाससाठी पोरांना राजस्थानातल्या कोटा-बिटाला पाठवणाऱ्यांनी तर तो आधीच वाचावा, रहिवासाचे कागद काय लागतात तेपण बघून ठेवावं. (आमचे सासरे अजून जीएमसी म्हणत नाहीत, जुनं पोर्तुगीज नाव घेऊन इस्कोल मेदिक म्हणतात, 1842 ची आहे म्हणून ऐकवतात, आणि त्यांच्या डोक्यात ती पणजीच्या त्या जुन्या इमारतीतच आहे जिथे आता इफ्फी या सिनेमा महोत्सवाची गर्दी असते.)

माझ्या जावेची मुलगी साध्या हायर सेकंडरीत साखळीला, फिजिक्सला एका रिटायर्ड मास्तरांकडे संध्याकाळी दीड तास. पहिल्या खेपेला तिचंपण झालं नाही, एक वर्ष ड्रॉप घेतला, मग डेंटलला लागली. म्हणजे तो रस्ता पण गुळगुळीत नाही. पण तिला झोप मिळायची आणि अडलं की विचारायला माणूस तोच असायचा. आमची आयुर्वेदाला लागली, तेही नीटच्याच मार्कांवर, आणि खूश आहे, सकाळी उठून आजोबांना काढा करून देते, तेवढंच आमचं सुख.

धाकट्याला घराजवळच्याच हायर सेकंडरीत घातलाय, बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवून. थोरलीला गणित सोडायला लावलं ती आमची चूक, व्हेक्टर आणि लॉग फिजिक्सला लागतातच, आणि मन बदललं तर इंजिनिअरिंग पण राहतं. फिजिक्सला तेच मास्तर. फक्त रविवारची टेस्ट सिरीज कुणी वेगळी देत असेल, नव्या पॅटर्नची, तर सांगा, आठवड्यातून एकदा म्हापशाला जायला आमची काही हरकत नाही.