हँड टॉर्च आणि शिसेविरहित डाख: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापुरातील आमच्या घरात सोलर वॉटर हीटरपासून बाथरूमपर्यंत तांब्याची लाइन आहे. तिची दुरुस्ती घरीच करता यावी, म्हणून उन्हाळ्याआधी ब्युटेनच्या डब्यावर बसणारा हँड टॉर्च, शिसेविरहित डाखाची (सांधे जोडण्यासाठी वितळवायच्या धातूची) तार आणि फ्लक्सची (डाख तांब्याला नीट धरावा म्हणून लावायच्या लेपाची) डबी घेतली.

१५ मिमीच्या पाइपसाठी हा टॉर्च पुरेसा आहे. पाइपचे टोक आणि फिटिंगची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून, फ्लक्स लावून, ज्योत फिटिंगवर धरली आणि तार ज्योतीऐवजी तापलेल्या सांध्याला टेकवली, की वितळलेला डाख केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो. पाइपच्या व्यासाइतक्या लांबीची तार एका सांध्याला साधारण पुरते. गच्चीवर वाऱ्याने ज्योत भरकटते, त्यामुळे आडोसा करावाच लागतो.

खरी अडचण पाण्याची आहे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने भरलेली टाकी रिकामी करणे घरात कोणालाच पटत नाही, आणि क्षार साचलेला जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. पाइपात पाणी झिरपत असेल, तर ज्योतीची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि सुमारे २२७ अंश सेल्सिअसला वितळू लागणारा हा डाख नीट पसरत नाही. म्हणून पाणी यायच्या आदल्या दिवशी, टाकी तळाशी गेलेली असताना, मी हे काम काढतो; तरीही थेंब येत राहिल्यास पावाचा मऊ गर पाइपात कोंबतो. पाणी सुरू केल्यावर तो विरघळून निघतो, मात्र त्या वेळी नळाची जाळी काढून ठेवावी.

बॉल व्हॉल्व्हला अधिक जपावे लागते, कारण त्यातील टेफ्लॉनच्या सीट (आतला गोळा ज्यांवर घट्ट बसतो त्या कड्या) अति उष्णतेने खराब होतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून त्याच्या मध्यभागी सोलापुरी टॉवेलचा ओला तुकडा गुंडाळतो. सुती असल्याने तो पाणी भरपूर धरतो. सांधा आपोआप निवू द्यावा आणि उरलेले फ्लक्स ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर तिथे हिरवा गंज चढतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातील ६०/४० तार कमी तापमानाला वितळते, म्हणून ती सोपी वाटते. परंतु तिच्यात ४० टक्के शिसे असते आणि पिण्याच्या पाण्याच्या लाइनला ती कधीही वापरू नये. २८ मिमीच्या पाइपसाठी मात्र हा टॉर्च घेऊ नका, त्याची ज्योत तिथे अपुरी पडते.