‘क्लायंटचा डेटा’ म्हणून दिलेली ती फाईल

एका टेलिकॉम कंपनीचे ७,०४३ ग्राहक आणि प्रत्येकाच्या माहितीचे २१ रकाने. "क्लायंटचा खरा डेटा आहे, बाहेर कुणाच्या नजरेला पडता कामा नये," असं बजावून ती फाईल मला सुट्टीतल्या एका इंटर्नशिपमध्ये दिली होती. मी ती वेगळ्या फोल्डरमध्ये पासवर्ड लावून ठेवली. रूममेट मागून गेली तरी स्क्रीन खाली करायचे. सुट्टीतले सहा आठवडे मी त्या फाईलमागे घालवले. ती फाईल इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळते आणि जगभरातले नवशिके सरावाला तीच घेतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर पैसे गेले होते, सुट्टी संपत आली होती आणि माझ्या शब्दावर विसंबून दोन ज्युनिअर मुलींनीही पैसे भरले होते.

त्या दोघींमुळे हे लिहायला घेतलं. माझ्यापुरतं असतं तर कदाचित गप्प बसले असते.

मी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी आहे. नोकऱ्यांच्या एका साइटवर ‘डेटा ॲनालिस्ट, समर इंटर्न’ अशी जाहिरात दिसली, अर्ज केला, दोन दिवसांत मेल आला. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली आणि ती चांगली झाली, हे मुद्दाम सांगते. सरासरीऐवजी मीडियन कधी घ्यायचा, दोन टेबलं जोडताना लेफ्ट जॉइन आणि इनर जॉइनमध्ये काय फरक पडतो, पी-व्हॅल्यूचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा, असे नेमके प्रश्न होते. फसवणारे लोक अशुद्ध भाषेत मेसेज पाठवतात आणि लॉटरी लागल्याचं सांगतात, एवढीच माझी कल्पना होती. मीडियनबद्दल विचारणारा माणूस खोटा असेल, असं मनातही आलं नाही.

ऑफर लेटरवर लोगो होता, शिक्का होता, स्टायपेंडचा आकडा होता. तिसऱ्या पानावर एक कलम होतं: ट्रेनिंग आणि सॉफ्टवेअर लायसन्सपोटी अनामत रक्कम, इंटर्नशिप संपल्यावर पूर्ण परत. वापरायचं काय, तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पॉवर बीआय डेस्कटॉप हे आलेख-अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट डाउनलोड होतात. पायथन तर माझ्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षापासून होतं. मग लायसन्स कशाचं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही, कारण सोबत निरोप होता की आज संध्याकाळी सहाच्या आत रक्कम आली नाही तर जागा वेटिंग लिस्टमधल्या मुलाला जाईल. खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. त्याबद्दल मात्र मी विचारलं. "ते आमचे फायनान्स हेड, ऑडिट चालू असल्यामुळे कंपनीचं खातं तात्पुरतं बंद आहे," असं उत्तर आलं. मी पैसे पाठवले. ओळखपत्राची प्रत आणि सहीचा फोटोही पाठवला.

आता फाईलमधल्या अकरा रिकाम्या जागांबद्दल.

कामाच्या दुसऱ्या दिवशी बेरीज करायला गेले तर ‘टोटल चार्जेस’चा रकाना बेरीज घेईना. आकडे दिसत होते, पण पायथन त्यांना मजकूर समजत होतं. तासभर शोधल्यावर कळलं की ७,०४३ पैकी ११ ओळींत तिथं आकडा नाही, नुसती एक स्पेस आहे. त्या ११ ओळी बाजूला काढल्या. प्रत्येकीत ग्राहक किती महिने कंपनीकडे आहे त्या रकान्यात शून्य होतं. म्हणजे हे लोक नुकतेच आलेले, त्यांचं पहिलं बिलच निघालेलं नाही. डेटा चुकलेला नव्हता, तो काहीतरी सांगत होता. पुस्तकातलं एखादं गणित सुटण्यापेक्षा हा आनंद वेगळा होता. मी लगेच ‘सरां’ना लिहिलं: या ११ ग्राहकांच्या ठिकाणी शून्य धरू का, की क्लायंटला विचारून कळवाल?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "गुड कॅच. क्लायंटशी बोललो, ते तुझ्यावर खूश आहेत. शून्य धर."

मी तो मेसेज घरी वाचून दाखवला. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण नसलेला क्लायंट माझ्यावर खूश असल्याचं त्या माणसानं सांगितलं आणि मी ते घरच्यांना अभिमानानं ऐकवलं, हे अजून सहन होत नाही.

चौथ्या आठवड्यात त्यानं विचारलं, तुझ्यासारखं काम करणारं कॉलेजमध्ये आणखी कोण आहे? दोन जागा आहेत. मी माझ्या दोन ज्युनिअर्सची नावं दिली. त्यातल्या एकीनं फोन करून विचारलं, "ताई, खात्रीचं आहे ना गं?" मी म्हटलं, मी स्वतः तिथं काम करतेय. दोघींनी त्याच दिवशी पैसे भरले.

त्यानंतर स्टायपेंडची तारीख आली. ‘पेरोल’चं काम अडलंय म्हणाले. मग सर्टिफिकेटसाठी ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’चा खर्च मागितला. मी टाळाटाळ करत होते, तेवढ्यात आम्हा इंटर्न्सच्या ग्रुपमधल्या एका मुलानं मला वेगळा मेसेज टाकला. त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता यायचं, इंटर्न्सना एकमेकांशी बोलायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, "तुझंपण २६.५ टक्केच आलं का?"

सोडून गेलेल्या ग्राहकांचं प्रमाण. माझे १,८६९ ग्राहक, त्याचेही १,८६९. मला सांगितलेला क्लायंट वेगळा, त्याला सांगितलेला वेगळा, आणि उत्तर दशांशापर्यंत एकच. त्याच्या सांगण्यावरून मी पहिल्या ओळीतला ग्राहक क्रमांक, ७५९०-व्हीएचव्हीईजी, सर्च इंजिनमध्ये टाकला. पानंच्या पानं आली. आयबीएमनं नमुना म्हणून तयार केलेला डेटासेट. त्याच्यावर शेकड्यांनी धडे आहेत, आणि माझ्या त्या ११ रिकाम्या जागा जवळजवळ प्रत्येक धड्यात आहेत.

सरावाच्या डेटासेटला माझी काहीच हरकत नाही. आयरिसच्या १५० फुलांची मापं फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३६ साली शोधनिबंधात वापरली, ती आम्ही सरावाला आजही वापरतो. टायटॅनिकच्या ८९१ प्रवाशांच्या फाईलवर सगळेच हात बसवतात. सराव म्हणून दिला असता तर मी आनंदानं केला असता. खोटेपणा होता तो क्लायंट आहे असं सांगण्यात. त्या एका शब्दावर आमच्याकडून पैसे काढले गेले.

म्हणून कुठल्याही फाईलवर काम सुरू करण्याआधी तिच्यातली एखादी ओळ किंवा रकान्यांची नावं सर्चमध्ये टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. खऱ्या ठिकाणी ग्राहकांचा डेटा सहसा असा उघड्या लिंकवरून तुमच्या खासगी लॅपटॉपवर येत नाही. त्याआधी गोपनीयतेचा करार होतो, कंपनीचं लॉगिन मिळतं, ग्राहकांची ओळख झाकलेली असते. आणि फाईलच्या आधी प्रश्न येतो: कुणाला काय ठरवायचंय म्हणून हे आकडे हवेत? मला तो प्रश्न कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. कंपनी पंधरा वर्षांची असल्याचं लेटरवर छापलं होतं, तर त्यांच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद दोन महिन्यांचीसुद्धा नव्हती. ही तारीख कुणालाही बघता येते. ती दाखवणाऱ्या सेवेला पूर्वी हूइज म्हणायचे, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी त्याची जागा आरडॅपनं घेतली आहे. नोंद जुनी असली म्हणजे कंपनी खरी, असं मात्र समजू नका. कंपनीचा फोन नंबर लेटरवरून घेऊ नका, स्वतः शोधा आणि त्यावर विचारा.

आणि काम देणारा पैसे मागत असेल, अनामत म्हणून असो, लॅपटॉपसाठी असो, सर्टिफिकेटसाठी असो, तर तिथंच थांबा. ‘परत मिळेल’ हे शब्द दिसले तर नक्कीच थांबा.

ज्या मुलानं मला सावध केलं, त्याला त्यांनी ‘पेमेंट्स ॲनालिस्ट’ म्हणून बढती देऊ केली होती. त्याच्या खात्यात पैसे येणार, त्यानं ते तपासून पुढच्या खात्यांवर पाठवायचे. त्याची बहीण बँकेत आहे, तिनं त्याला जागीच अडवलं. ते पैसे फसवलेल्या लोकांचे असतात आणि तपास सुरू झाला की पहिलं खातं सापडतं ते तुमचं. आमचे पैसेही अशाच एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यातून गेले असतील, हा विचार मला सोडत नाही.

मी जाब विचारल्यावर मला ग्रुपमधून काढलं. वर धमकी दिली की क्लायंटचा डेटा बाहेर बोललीस तर कायदेशीर कारवाई करू. माझी एक ज्युनिअर या धमकीनं इतकी घाबरली की तक्रारच नको म्हणत होती. आम्ही तिघी मिळून गेलो. आधी बँकेला कळवलं, मग पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली. व्यवहार क्रमांक, मेल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवले होते ते कामी आले, पण पैसे गेले त्याच तासात बँकेला कळवलं असतं तर ते अडवण्याची खरी संधी होती. माझ्या पैशांना तर तोवर दीड महिना झाला होता. पैसे मिळालेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला, ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’. आपला नंबर फसलेल्यांच्या यादीत पुढे विकला जातो, हे तेव्हा समजलं. ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडे आहेच, म्हणून माझ्या नावावर कुणी कर्ज घेतलंय का हे मी अधूनमधून तपासते. आता कुणालाही प्रत द्यायची तर तिच्यावर आडवं लिहिते: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला.

ग्रुपमधून काढायच्या आधी मी त्यातले नंबर उतरवून घेतले होते. चाळीसच्या वर होते. गेल्या आठवड्यात एकेकाला लिहायला सुरुवात केली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, मलाच फसवणारी समजले असतील. एका मुलीनं मात्र लगेच लिहिलं की तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, माझा क्लायंट खरा आहे, त्यांनी माझं काम वाचलंय. पुराव्यासाठी तिनं स्क्रीनशॉट पाठवला.

"गुड कॅच. क्लायंटशी बोललो, ते तुझ्यावर खूश आहेत. शून्य धर."

मी तिला माझा स्क्रीनशॉट पाठवला. तिनं तो पाहिल्याचं दिसतंय. उत्तर अजून आलेलं नाही.