चौथ्या सीटवरून उठलो, पाना हातात घेतला: नऊ महिन्यांचा अनुभव

सहा वर्षं दर रविवारी मी चार चौकटींची एक चित्रमालिका ऑनलाइन टाकत होतो. नायक एकच, मुंबई लोकलच्या चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला, अर्धा टेकलेला आणि अर्धा हवेत असलेला माणूस. गेल्या मार्चमध्ये ती बंद केली. रविवार मोकळे झाले, पेन टॅब्लेट विकला आणि त्या पैशांतून घरकामाची हत्यारं आणली. म्हणून हे दोन्ही एकत्रच लिहितोय.

बंद करण्यामागे थोर काही नव्हतं. २०२० पासून मी घरून काम करतो. लोकलने जातो ते महिन्यातून एकदा, तेही दुपारच्या रिकाम्या गाडीने. चौथी सीट आठवून आठवून काढत होतो. लाइक येत होते, त्यामुळे कळतही नव्हतं. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. एक दिवस मोबाइल परत देताना म्हणाले, "हा विनोद तू गेल्या पावसाळ्यात पण केला होतास." मागे जाऊन पाहिलं, तर तीनदा केला होता.

शेवटच्या भागात मसजिद स्टेशनला सगळा डबा उतरतो, बाक रिकामा होतो आणि आपला माणूस तरी कडेलाच टेकून पुढच्या, शेवटच्या स्टेशनपर्यंत, सीएसएमटीपर्यंत जातो. दोन-चार वाचक चिडले. मला तो अजून आवडतो.

खरेदीलाही मसजिदलाच उतरलो. स्टेशनपासून हत्यारांच्या दुकानांची नागदेवी स्ट्रीट पायी जवळ आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "घर के लिए चाहिए या काम के लिए?" मी फुशारकीने "काम के लिए" म्हणालो. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि घरवाला डबा काढला.

सगळ्यात वाईट खरेदी मात्र त्याच्याकडची नाही. ती बाहेरच्या फुटपाथवरची, ९९ रुपयांचा स्क्रू ड्रायव्हर सेट. दांड्यावर 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे हत्यारांचं चांगलं पोलाद, असं झोकात कोरलेलं. ड्रॉइंगचं टेबल डुगडुगत होतं, त्याचे चार स्क्रू आवळायला घेतले. तिसऱ्या स्क्रूवर टोक सटकलं. मी आणखी जोर लावला, ते आणखी सटकलं. टोकाच्या कडा गोल झाल्या आणि त्यांनी स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीचा वाडगा करून टाकला. बाबांनी दांडा हातात घेऊन त्यावर कानस फिरवली. कानस लोण्यात जावी तशी गेली. पोलादाला नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं, असेल तर कानस घसरते, चावत नाही. कोरलेली अक्षरं कोणीही कोरतं.

नंतर त्याच नागदेवीतून सुटा, २ नंबरच्या टोकाचा, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, १२० रुपये. घरातल्या बऱ्याचशा फुलीच्या स्क्रूंना हाच लागतो. १ नंबरचा आत जातो, पण डुलतो आणि तिथूनच खराबी सुरू होते. फिरवण्याइतकाच दाबही लागतो, हे शिकायला मला दोन बिजागऱ्या लागल्या. नऊ महिन्यांत त्याच्या टोकाच्या कडा अजून शाबूत आहेत.

पक्कड टपारियाची घेतली, कंपनी नाशिकची. पाहण्यासारखं एकच: जबडा मिटून उजेडासमोर धरायचा. टोकाशी फट दिसली तर बारीक तार धरवत नाही. एक सावधगिरी. दांड्यावर साधी प्लास्टिकची म्यानं असली म्हणजे ती विजेच्या कामाची झाली असं नाही. त्यासाठी १००० व्होल्टचा शिक्का असलेली वेगळी मिळते. माझीवर तो नाही, त्यामुळे मेन बंद केल्याशिवाय मी बोर्ड उघडत नाही.

टेस्टर ४० रुपयांचा. चालतो, पण भर उन्हात त्यातला निऑनचा दिवा दिसतच नाही. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं मानू नका. आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या. नुसत्या टेस्टरवर मी तरी विसंबत नाही.

मोजपट्टीची माझी फजिती. तिच्या टोकाचा आकडा, म्हणजे पत्र्याचा हूक, हलत होता. माल डिफेक्टिव्ह आहे असं ठरवून मी रिव्हेट हातोडीने ठोकून पक्की केली. त्यानंतर कपाटाची फळी कापून आणली ती दाटून बसेना. तो आकडा मुद्दामच सैल ठेवलेला असतो. त्याच्या स्वतःच्या जाडीइतका तो सरकतो, म्हणजे बाहेरून अडकवून मोजा नाहीतर आतून टेकवून मोजा, शून्य बरोबर येतं. माझी पट्टी आता कायमची एक मिलिमीटर खोटं बोलते. पडद्यांच्या मापाला ठेवली आहे.

स्क्रू पाना आठ इंची, २२० रुपयांचा. जबडा थोडा डुलतो, या किमतीत चालायचंच. जोर न हलणाऱ्या जबड्यावर यावा असा लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. "ढकलशील तर पेरं फोडून घेशील," बाबांनी हे आधीच सांगितलं होतं. बोटांची पेरं फुटल्यावर मला पटलं.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. हत्यारांचा डबा खिडकीच्या ग्रिलपाशी होता आणि आमच्याकडे समुद्र दोन गल्ल्यांवर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पान्याच्या स्क्रूवर तांबूस पूड दिसली. मशीन ऑइलचं फडकं फिरवलं आणि डबा कपाटात हलवला. आधी घरातलं खोबरेल लावून पाहिलं होतं, त्याने सगळं चिकट झालं आणि वर धूळ बसली.

हातोडीबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं, डिसेंबरपर्यंत. लाकडी दांडा पावसात फुगलेला असतो, हवा कोरडी झाली की आक्रसतो. परवा खिळा मारताना डोकं बोटभर वर सरकलं. फेकून नवी आणतो म्हटलं, तर बाबा हो-नाही काही न बोलता डबा घेऊन बाल्कनीत बसले. दांड्याच्या टोकात पाचर ठोकली, उरलेलं लाकूड कानशीने घासलं आणि हातोडी उलटी धरून फरशीवर दोनदा आपटली. डोकं हललं नाही. मग ड्रॉइंगच्या टेबलावर ठेवून दिली. टेबल अजून थोडं डुगडुगतं, तिसरा स्क्रू राहिलाय.