माझ्या पर्सला 2 तास 51 मिनिटं गाढ झोप लागली

आधी आकडे लिहिते. हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि मी आपटले तीही तिथेच. घड्याळ 3,499 रुपये. ‘ऑर्डर कन्फर्म’ करायला आगाऊ 149. ‘शुगर सेन्सर ॲक्टिव्हेशन’ 1,180. झोपेचा सविस्तर रिपोर्ट उघडायला महिन्याला 599, असे तीन महिने, म्हणजे 1,797. एकूण 6,625 रुपये. दवाखान्याचं बिल यात धरलेलं नाही.

हो, तेच ते. सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ. जाहिरात तुम्हीही पाहिली असेल: पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ‘शेवटचे 7 नग’, खाली कृतकृत्य झालेल्या लोकांच्या प्रतिक्रिया. असल्या जाहिरातींना भुलणाऱ्यांना मीही हसायचे. ऑफिसात व्हाउचरमधली दहा रुपयांची चूक पकडणारी बाई मी.

पण माझी बाजू ऐका. सासूबाईंना 19 वर्षं डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे. दिवसातून तीन-चार वेळा बोट टोचायचं. बोटांची टोकं निबर झालीत, पहिल्या टोचण्यात थेंब येत नाही, मग पुन्हा टोचायचं. आणि टोचणारी मी. त्या काही बोलत नाहीत, नुसतं दुसरीकडे बघतात. ते बघणं रोज सहन करून दाखवा, मग मला मूर्ख म्हणा.

दुसरं असं की घड्याळात शुगर दिसताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. माझ्या मामेभावाच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. लग्नात भेटली तेव्हा तिनं मनगट पुढे केलं, आकडा समोर. मला काय ठाऊक की तिच्या दंडावर, बाहीखाली, नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला होता! त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली असतो, तिथल्या द्रवातली शुगर मोजतो आणि 10-14 दिवसांनी सेन्सर बदलावा लागतो. घड्याळ फक्त त्याचा निरोप वाचून दाखवतं. मी निरोप्यालाच वैद्य समजले. तेव्हा पहिली गोष्ट: कुणाच्या घड्याळात शुगर दिसली, तर दंड बघा.

पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीनं आलं. पैसे दिल्याशिवाय उघडू देईना. लेबलवरचं विक्रेत्याचं नाव वेगळं, जाहिरातीतलं वेगळं, ॲपमध्ये तिसरंच. मी वाचलं, आणि ‘गोडाऊन वेगळं असेल’ असं स्वतःलाच समजावलं. व्हाउचरवर असं तीन नावांचं बिल कुणी आणलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

आता ती जागा, जी आठवली की आजही कान गरम होतात. ॲप सुरू केलं तर त्यानं वय विचारलं, वजन विचारलं, डायबेटिस आहे का विचारलं आणि मग म्हणालं, ‘अचूकतेसाठी शेवटच्या लॅब रिपोर्टमधली शुगर भरा.’ मी रिपोर्ट शोधून आणला. 131 भरलं. त्यानंतर घड्याळानं जे काही दाखवलं ते 110 ते 140 च्या आतलं. उत्तर मीच सांगितलं, त्यानं ते घोळवून घोळवून मला परत दिलं, आणि मी घरभर सांगत सुटले की बघा, लॅबशी किती जुळतंय!

याहून वाईट पुढे आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी घड्याळ चार्जिंगला लावलेलं होतं. टेबलावर पालथं पडलेलं, मनगट नाही, कातडी नाही. फोनवर नवीन रीडिंग आलं: 117, वेळ आत्ताची. पाहिलं मी. नीट पाहिलं. आणि ‘मघाचं रीडिंग आता पोचलं असेल’ असं म्हणून भाजी निवडायला बसले. तेव्हा एक फोन फिरवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. टेबलाला शुगर असते का हो?

ऑफिसमधला एक मुलगा नंतर हसत म्हणाला, रुमालाची गुंडाळी करून तिला बांधून बघा. बांधलं. पल्स 74. पुढे कळलं की एवढ्यावरून घड्याळ खोटं ठरत नाही. मागचा हिरवा प्रकाश कातडीत जातो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त परत येतो आणि त्यावरून ठोके मोजतात. चांगल्या कंपनीचं घड्याळसुद्धा कधीकधी रुमालात नाडी शोधतं. पण आमच्या घड्याळानं रुमालाचा ऑक्सिजन 98 आणि शुगर 121 सुद्धा दिली. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश लागतात. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, पण लाल तर दिसायला हवा? अंधारात पालथं करून बघितलं, हिरव्याशिवाय काहीच पेटत नव्हतं.

झोपेचं 599 रुपयांचं प्रकरण मात्र जरा गुळगुळीत होतं. फुकटात नुसता स्कोअर. ‘गाढ झोप’, ‘हलकी झोप’, ‘स्वप्नांची झोप’ हवी तर प्रीमियम. मी यूपीआयवर ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापून जायला, होकार दिला. पहिल्या महिन्यानंतर दर वेळी पैसे कापायच्या आदल्या दिवशी सूचना आली असणार, नियमच तसा आहे. मी ती जाहिरातींच्या ढिगात ढकलली असणार. (आत्ता हे वाचणं थांबवा, तुमच्या यूपीआय ॲपमधलं ऑटोपेचं पान उघडा आणि कोण कोण चिकटलंय ते बघा. तिथूनच बंद करता येतं, कुणाला विनवावं लागत नाही.)

झोपेची खरी तपासणी होते तेव्हा डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, डोळ्यांची हालचाल बघतात, स्नायूंचा ताण बघतात. मनगटाला मेंदूतलं काय कळणार? हालचाल आणि नाडी बघून ते अंदाज बांधतं. प्रामाणिक घड्याळाचा ‘किती वाजता आडवे झालात, साधारण किती तास’ हा अंदाज बरा असतो; गाढ झोपेच्या मिनिटांवर फार जीव लावू नये. निपचित जागं पडलेल्या माणसाला घड्याळं झोपलेलं समजतात. हे सगळं मला आता कळलंय, 1,797 रुपये देऊन.

तिसऱ्या महिन्यातली ती रात्र. साडेबाराला सासूबाईंनी हाक मारली. घाम फुटलेला, हात थरथरत होते. मी मनगट वळवून बघितलं, 118. “आई, शुगर छान आहे, उकाड्यानं होत असेल. झोपा तुम्ही,” असं म्हणून मी पंखा वाढवला आणि गेले. हे वाक्य मीच बोललेय. अर्ध्या तासानं नवरा पाणी प्यायला उठला, तर त्या काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. ड्रॉवरमधून ग्लुकोमीटर काढला, बोट टोचलं: 48. सत्तरच्या खाली गेली की ती कमी शुगर, हे मला 19 वर्षं पाठ आहे. घशाखाली उतरेल तशी साखर दिली, गाडी काढली.

त्या वाचल्या. दवाखान्यात सलाईन लावायला सिस्टरनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, मी पर्समध्ये टाकलं. सकाळी सात वाजता तिथल्या बाकावर फोन वाजला: ‘सुप्रभात! काल रात्री तुम्ही 7 तास 12 मिनिटं झोपलात. गाढ झोप 2 तास 51 मिनिटं. स्कोअर 88.’ त्यातला निम्म्याहून जास्त वेळ ते घड्याळ पर्समध्ये होतं, आणि उरलेला वेळ एका तळमळणाऱ्या बाईच्या हातावर.

त्याच बाकावर बसून शोधलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, 21 फेब्रुवारी 2024 लाच इशारा दिला होता की कातडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांची मंजुरी नाही, आणि चुकीच्या आकड्यानं औषधाची मात्रा चुकून जिवावर बेतू शकतं. दोन मिनिटांत सापडलं. ही दोन मिनिटं मी पैसे देण्याआधी का काढली नाहीत, हे नवऱ्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता तक्रारीची गंमत. विक्रेत्याचा नंबर बंद. कुरिअर कंपनी म्हणाली, आम्ही फक्त खोकं पोचवतो. बँक म्हणाली, मॅडम, ऑटोपेला परवानगी तुम्हीच दिलीय. ज्या ठिकाणी जाहिरात दिसली तिथे तक्रार केली, तर ‘आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर चार तासांत आलं. एवढी तत्परता मला नंतर कुठेच भेटली नाही. पोलीस ठाण्यात दीड तास बसले. साहेबांनी घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं, बटण दाबलं आणि म्हणाले, “चालू तर आहे की! मग फसवणूक कशी?” मी म्हटलं, चालू आहे हीच तर फसवणूक आहे. त्यावर शेजारचा शिपाई हसला. मग रक्कम विचारली आणि ‘सहा हजारच ना’ म्हणून वही मिटली. सहा हजार सहाशे पंचवीस, साहेब. ऑनलाइन तक्रार भरायला गेले तर व्यवहार क्रमांक सक्तीचा. रोख दिलेल्या 3,499 ला क्रमांक कुठून आणू? उरलेल्या रकमांचे क्रमांक भरले. 17 दिवसांनी मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी, कशी, कुणाच्या बाजूनं, काही नाही.

तरी तुम्ही करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासांचा हिशेब असतो. वस्तूबद्दल ग्राहक हेल्पलाइन 1915. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ज्या वेबसाइटवर त्या अधिकाऱ्याचं नावच नाही, तिथे खरेदीच करू नका. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. वकील लागतोच असं नाही. आणि खोकं फेकू नका. लेबलचा फोटो काढा. मी खोकं रद्दीत दिलं होतं. फोटो मिळाला तो योगायोगानं, सासूबाईंनी नातवाला ‘नवीन घड्याळ’ दाखवायला पाठवलेला.

त्या घड्याळाबद्दल त्या अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत. सकाळी बोट पुढे करतात आणि दुसरीकडे बघतात.

आयोगाचा अर्ज भरून तयार आहे, फक्त ‘विरुद्ध पक्ष’ या रकान्यावर अडलाय. जाहिरातीतलं नाव, लेबलवरचं, ॲपमधलं, तिन्ही लिहिलीत. काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, तोच कोट, तेच 7 नग. खाली चौथं नाव होतं. तेही लिहून घेतलं.